पिस्टनची खडखड

आमच्या घरात आवाजाला फार मान होता. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आतल्या बाजूला आमचं घर, आणि घर नि यंत्रमागांची शेड यांच्यामध्ये एकच भिंत. माग धडधडत असले की बाबा निवांत जेवत. एखाद्या मागावर आडवं सूत नेणारा धोटा जरासा उशिरा पोचला, की घास ताटात ठेवून उठत. जाऊन ऐकायचे, कुठलातरी नट आवळायचे आणि परत येऊन जेवायचे. आवाज आला म्हणजे ढिलं झालं, ढिलं झालं म्हणजे आवळायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. मागांच्या बाबतीत ते चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी एकुलता एक. शेड पुढे मीच बघणार, हे ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं. नव्वदच्या दशकात, ऐन पंचविशीत, मी सकाळच्या शिफ्टला तिथे उभा असायचो आणि संध्याकाळच्या शिफ्टलाही. बोलायचं तर ओरडून बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. मी गप्प बसायला शिकलो. सरळच सांगतो, मला त्या शेडची चीड होती. बाबांची नव्हती, म्हणून तर अडकलो होतो. बापाची चीड असती तर केव्हाच पळालो असतो.

सुटायची एकच वाट दिसत होती. पुण्यात एक गृहस्थ शर्यतीच्या गाड्या बांधायचे. त्यांच्याकडे काम मागायला गेलो तेव्हा त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "स्वतः बांधलेलं टर्बोचं इंजिन घेऊन ये. रविवारी आम्ही मोकळ्या मैदानावर गाड्या पळवतो. तुझी दिवसभर टिकली तर इथेच राहा." माझ्याकडे एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी होती. कुर्ल्याच्या भंगारात एका ठोकलेल्या जपानी गाडीचा टर्बो मिळाला. राहिला प्रश्न इंजिनच्या पोटात काय घालायचं याचा.

टर्बो सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे ताकद वाढते, तशी आतली आगही वाढते. मूळचे पिस्टन ओतीव होते. शांत, गुणी, आणि एवढ्या दाबाखाली फुटणार हे नक्की. दुसरे होते घडीव पिस्टन, ठोकून घडवलेले, परदेशातून कुणाकुणाच्या हातापाया पडून आणवलेले. ते आग सोसतात, पण तापले की फुगतातही जास्त. म्हणून त्यांच्याभोवती सिलिंडरमध्ये थोडी जास्त मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर फुगून आतच अडकतात. इंजिन गार असताना ते त्या जागेत खडखडतात, आणि तापलं की गप्प होतात. कितीतरी दिवस मी दोन्ही पिस्टन उशाशी घेऊन झोपलो. आई म्हणाली, लग्नाच्या मुलीसुद्धा कुणी एवढ्या निरखून बघत नाही. शेवटी मी घडीव घेतले. कनेक्टिंग रॉडही जाडजूड घेतले.

सिलिंडर कातून देणाऱ्या बोअरिंगवाल्या चाचांनी माप ऐकून भुवया चढवल्या. "इतना ढीला? खड़केगा, भाई."

"खड़कने दो," मी म्हणालो.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ते खरोखरच खडखडलं. मला तो आवाज इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं. अंगाभोवती जरा जागा मिळाली की असाच आवाज होत असणार. बाबा शेडच्या दारात उभे राहून मान तिरकी करून ऐकत होते. मग आत वळले. पुण्याबद्दल ते कधी हो किंवा नाही म्हणाले नव्हते.

त्यानंतर त्यांनी मला मालेगावला जुने माग बघायला पाठवलं. परतलो तो शुक्रवार होता, मागांची सुट्टी. पुण्याचा रविवार दोन दिवसांवर आलेला. अंगणात गाडी धुऊन, हार घालून उभी, आई नवं लुगडं नेसून तयार. नवं इंजिन आधी वज्रेश्वरीला नेल्याशिवाय लांब न्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मी चावी फिरवली. गार इंजिन, आणि खडखड नाही. एवढीशीसुद्धा नाही.

"काडून टाकली तुझी खडखड," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "चाचाला सांगून सिलिंडरात नव्या स्लीव घालून घेतल्या, घट्ट. तो न्हाय म्हनत होता, मी बसून करून घेतलं. पुन्याला जातोयस, तर गाडी धड नको काय?"

म्हणजे ते हो म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा. आणि ज्या हातांनी हो म्हणाले त्याच हातांनी त्यांनी माझ्या पिस्टनची जागा काढून घेतली होती. ओरडावंसं वाटलं. पण आईने नारळ पुढे केला आणि मी तो फोडला.

मनात हिशेब सुरू झाला. गाडी सावकाश चालवायची, इंजिन तापू द्यायचं नाही, टर्बोला जाग येऊ द्यायची नाही. उद्या सकाळीच चाचांना गाठायचं, इंजिन खोलायचं, मोकळी जागा परत करून घ्यायची. जमण्यासारखं होतं. वज्रेश्वरीपर्यंत बैलगाडीसारखी नेली. आईला ती चाल फार आवडली.

परतताना दिघाशीच्या अलीकडे रस्ता मोकळा लागला. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "पळव की जरा. तू काय बनवलंस ते मला बघू तरी दे."

इतकी वर्षं त्या माणसाने माझं काहीही बघायला मागितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाय दाबला. रागाने दाबला की प्रेमाने, हे मला आजही सांगता येत नाही. टर्बो किंचाळला, गाडी उसळली, बाबांची पाठ सीटला चिकटली आणि ते हसले. तोंड उघडून, मोठ्याने. मागे आई देवीचा धावा करत होती. मग पुढून एक कर्कश ओरखडा आला आणि इंजिन जागच्या जागी आवळलं गेलं.

गाडी कडेला थांबली. बाबा बराच वेळ कान देऊन बसले. ऐकायला काहीच नव्हतं.

"मी घट्ट केलं म्हून जालं काय रं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा," मी म्हणालो. "टर्बो भंगारातला होता. त्यानेच दगा दिला."

"मंग न्हाय घाबरायचं," ते म्हणाले. "परत बांधू आपन. आपली शेड हाय, जागा हाय."

पुण्याच्या गृहस्थांनी पुढे दुसऱ्या कुणालातरी घेतलं. त्या संध्याकाळी मात्र निरोप मिळून आमचा कापडाच्या ताग्यांचा टेम्पो आला, बाबांनी स्वतः दोरी बांधली आणि दोनदा ओढून घट्ट आहे ना ते पाहिलं. आई टेम्पोत बसली, बाबा ड्रायव्हरशेजारी. ओढल्या जाणाऱ्या गाडीतल्या माणसाला एकच काम असतं, ब्रेक सांभाळून दोरी सैल पडू द्यायची नाही. भिवंडीपर्यंत मी तेच करत होतो. सुट्टी संपून माग सुरू झाले होते. शेडचा आवाज ऐकू यायला लागला तेव्हा बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे वळून बघितलं आणि हाताने विचारलं, येतोयस ना?

मी हात वर केला.