चौकोनांची लांब ओळ

दादाच्या प्रेसवर काम निघालं की डॉक्टरीणबाई आधी दादाच्या हातांकडे बघायची. डॉक्टरीण हे कारखान्यातल्यांनी ठेवलेलं नाव. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. काम अर्धवट टाकून ती कधी उठली नाही. दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. वरून ठोकळा आदळून पत्रा दाबणारी ती प्रेस चीनमधून आलेली. पत्रा नीट बसवायला दादाचे दोन्ही हात साच्यात कोपरापर्यंत जायचे.

दोन्ही शेडमधल्या प्रेसचे कॉम्प्युटर बदलले, तेव्हापासून पडद्यावर चिनी अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. कामगारांनी त्यातूनही वाट काढली होती. छोटी ओळ आली की तेल घालायचं. लांब ओळ आली की खालचं बटण दाबायचं, ती जाते. हे दादानंच सगळ्यांना शिकवलं होतं.

"डॉक्टरीणबाई, पेशंटची वाचा गेलीय," फोरमन म्हणाला. "आटपा लवकर. मशीन थांबणार नाही हं."

"नका थांबवू. हा कॉम्प्युटर नुसते इशारे दाखवतो."

तिनं चिनी फॉन्ट टाकला. चौकोन तसेच. दुसरा टाकला. तेच. पाठीमागे प्रेस आदळत होती, टेबलावरचे स्क्रू उड्या मारत होते. मग ती प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शिरली. तो एकाच फॉन्टचं नाव धरून बसला होता, दुसरा त्याला चालत नव्हता. जुना कॉम्प्युटर भंगारात सापडला. तिनं धूळ पुसली, डिस्क काढली, तो फॉन्ट शोधून नव्यात बसवला. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा लावला.

लांब ओळ आली. या वेळी अक्षरांत.

"आली का गं?" दादा पत्रा सरकवत ओरडला. "दाब खालचं बटण!"

"थांब रे, वाचू तर दे."

"तुला चिनी कधीपासून येतं?"

तिनं मोबाइलचा कॅमेरा पडद्यावर धरला. भाषांतर उमटलं: 'ब्रेक झिजला आहे. वरचा ठोकळा कधीही सुटेल. साच्यात हात घालू नका.'

"दादा, हात काढ!"

तिचा आवाज ऐकून त्यानं आधी हात काढले, मग विचारलं, "काय झालं?" तिनं मोबाइल पुढे केला.

"अहो, ही ओळ रोजच येते," फोरमन म्हणाला. "आजवर झालंय का काही?"

दादानं ठोकळा खाली आणणारं पायाखालचं पेडल बाजूला सारलं, साच्यात लाकडाचा तुकडा ठेवला आणि मागे सरला. तिघं बघत उभी राहिली. वरचा ठोकळा जागचा हलला नाही.

"बघा," फोरमन हसला.

तेवढ्यात ठोकळा कुणी हात न लावता खाली आला. लाकडाचा भुगा झाला.

फोरमन त्या भुग्याकडे बघत राहिला. दादा मात्र लाकडाकडे बघत नव्हता. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये दुसरी प्रेस चालू होती. धप्प. धप्प.

"तिथंही मीच शिकवलंय गं," तो म्हणाला आणि धावत सुटला.