बाबांच्या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी दोन महिन्यांची रजा टाकून मुंबईहून गावी आले. दोनाचे सहा महिने झाले, मग नोकरी गेली, आणि मी सांगते आहे त्या दिवसांत दुसरं वर्ष संपत आलं होतं. आई आधीच गेलेली. भाऊ पुण्याला, त्याची मुलं शाळेत. मी एकटी, बिनलग्नाची, त्यामुळे कोण राहणार हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारलाच नाही.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून. बाबांनी उभा जन्म मुंबईच्या पाहुण्यांना गाडीतून हिंडवण्यात काढला. काशीदचा किनारा, जंजिरा, अलिबाग, परत लॉज. त्यासाठी त्यांनी एका शेठकडून जुनी गाडी घेतली होती, गोल दिव्यांची, जाड पत्र्याची. तसल्या गाड्या रस्त्यावरून कधीच नाहीशा झाल्या. आमची राहिली, कारण बाबांनी ती राहू दिली. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, सगळं ते स्वतः करायचे. भावाला त्यांनी त्या गाडीवर शिकवलं. मला नाही. मी मुंबईत क्लास लावून शिकले, आणि ते त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं.

झटक्यानंतर त्यांचा उजवा हात आणि पाय गेला, बोलणं तुटक झालं. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी त्यांना अलिबागला न्यायचं असे. एसटीची पायरी त्यांना चढवेना. दुसरी गाडी सांगू म्हटलं तर त्यांनी तोंड फिरवलं. मग एक दिवस मीच किल्ली घेतली. ते माझ्या डावीकडे बसले आणि रेवदंड्यापर्यंत एकच शब्द बोलत राहिले, "हळू." पुढचे कितीतरी महिने आमचं गाडीतलं संभाषण एवढंच होतं.

स्टेअरिंग तेव्हापासूनच बरं नव्हतं. सरळ रस्त्यावर चाक चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे रिकामं फिरायचं, गाडीला पत्ताच नसे. वळणावर मात्र ते इतकं जड व्हायचं की खांदे भरून यायचे. मी भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "भंगारात दे ना ती. किती दिवस ते लोढणं?" बाबा समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

तो शुक्रवार होता. अलिबागहून आम्ही दुपारी एकच्या सुमारास परत आलो. मुख्य रस्त्यावरून आमच्या घराकडे जायला एक बोळ आहे. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या चिऱ्याच्या भिंती, पलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. गाडी त्यातून जाते, पण दोन्हीकडे वीतभरच जागा राहते, म्हणून आम्ही अंगणात पोहोचल्याशिवाय कधी दार उघडत नाही. बोळाच्या मध्यावर एक वळण आहे, आधी थोडं डावीकडे, लगेच उजवीकडे. मी डावीकडे घेतलं. उजवीकडे वळवायला गेले तर चाक हलेना.

आधी वाटलं, माझाच जोर कमी पडतोय. दोन्ही हातांनी ओढलं. आतून काहीतरी कडकन मोडल्यासारखा आवाज आला आणि चाक सिमेंटमध्ये बसवल्यासारखं घट्ट झालं. मी ब्रेक दाबेपर्यंत पुढचा डावा कोपरा भिंतीला टेकला होता. मागे घेऊन पाहिलं, तर मागचा उजवा कोपरा दुसऱ्या भिंतीला घासला. गाडी बोळात तिरकी बसली, पुढेही नाही, मागेही नाही. माझं दार हात जाण्यापुरतं उघडलं. बाबांचं तर तेवढंही नाही.

"न्हाय वळत?" बाबांनी विचारलं.

"नाही. पूर्ण लॉक झालंय."

डाव्या हाताने त्यांनी स्वतः चाक ओढून पाहिलं, मग हात मांडीवर ठेवला.

मुरुडचे मिस्त्रीचाचा म्हणजे बाबांचे जुने दोस्त. या गाडीला बाबांच्या खालोखाल त्यांचाच हात लागलेला. मी फोन केला. ते म्हणाले, "नमाजाला निघालोय बेटा. तिथून सुटलो की हत्यारं घेऊन निघतो. जबरदस्ती करू नको, काय ते तुटायचं ते तुटलंय." म्हणजे किमान दोन तास.

उन्हाने पत्रा तापायला लागला होता. काचा खाली केल्या, पण भिंतींमुळे वारा येत नव्हता. शेजारच्या वाडीतल्या काकू हॉर्न ऐकून आल्या. त्यांनी भिंतीवरून वाकून पाण्याची बाटली दिली, ओला टॉवेल दिला, आणि माणसं बघते म्हणून गेल्या. दुपारची वेळ, होती नव्हती ती माणसं कामावर. दोन म्हातारे येऊन बघून गेले. गाडी उचलून सरळ करायची तर सहा-सात जण हवेत, असं त्यांचं मत पडलं.

खिडकीतून बाहेर निघणं मला जमलं असतं. सीटवर गुडघे टेकून भिंतीला धरलं की झालं. मी तसं म्हटलंही. "बाबा, मी बाहेर जाऊन दोन-चार माणसं गोळा करते."

"जा," ते म्हणाले. आणि डाव्या हाताने त्यांनी माझी ओढणी धरली. एकीकडे जा म्हणत होते आणि मूठ सोडत नव्हते. मी त्यांची बोटं सोडवायला गेले तर ती आणखी आवळली.

मी परत बसले. बसल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. इतके दिवस जे भावाला बोलले नव्हते, मैत्रिणींना बोलले नव्हते, ते सगळं मी त्या अरुंद बोळात माझ्या आजारी बापाला बोलले. "धरून ठेवा. असंच धरून ठेवा. दोन वर्षं झाली, कुठे गेलेय मी? अलिबाग आणि घर, घर आणि अलिबाग. माझं घर भाड्याने गेलं, नोकरी गेली. कुणी फोनसुद्धा करत नाही आता. आणि तुम्हाला ही गाडी सोडवत नाही." आवाज चढला होता, काकूंच्या पडवीपर्यंत गेला असणार. बाबा समोर काचेकडे बघत राहिले. काचेतून फक्त भिंतीचा लाल दगड दिसत होता आणि त्यावर वाळलेलं शेवाळ.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "लघवी."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला. घरी मी त्यांना संडासापर्यंत नेऊन सोडत असे, पुढचं ते एका हाताने कसंबसं स्वतः करत, कितीही वेळ लागला तरी. तिथे त्यांनी मला कधी येऊ दिलं नव्हतं. आता दार उघडत नव्हतं. मी काकूंची बाटली खिडकीबाहेर रिकामी केली. टॉवेल त्यांच्या मांडीवर टाकला, पायजम्याची नाडी सोडली, बाटली धरली आणि मान दुसरीकडे वळवली. त्यांना सुरुवात व्हायलाच खूप वेळ लागला. झाल्यावर मी झाकण लावलं, बाटली पायाशी ठेवली. वळून पाहिलं तर ते रडत होते. आवाज नाही, नुसते डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्यांनी ओढणी सोडली नव्हती.

"असू दे बाबा," मी म्हटलं.

"मी पन हितंच," ते म्हणाले. मग छातीवर मूठ आपटून शब्द शोधत राहिले. "मी पन... हितंच. आतच."

मला कळलं. इतके दिवस मी फक्त माझंच मोजत होते. पण कळलं म्हणून माझा राग गेला असं म्हणणं खोटं होईल. दोन्ही होतं. मी काकूंकडून टॉवेल पुन्हा ओला करून मागून घेतला आणि त्यांच्या मानेवर ठेवला.

चाचा आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. अंगावर नमाजाचा पांढरा सदराच होता. त्यांनी रस्त्याच्या बाजूने गाडी पाहिली, मग वाडीतून फिरून, भिंत ओलांडून पुढून आले. "काय रे, पोरीला कोंडून ठेवलंस?" ते बाबांना म्हणाले. काकूंकडून जुनी चटई घेऊन ते गाडीच्या तोंडाशी आडवे झाले आणि खाली सरकले. खालून त्यांचा आवाज येत होता. स्टेअरिंग बॉक्स म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारी लोखंडी पेटी; तिच्यातून खाली एक जाड दांडा निघतो, त्याच्या टोकाला चाकं वळवणारा हात घट्ट बसवलेला असतो. तो हात एकदा सुटला की बॉक्स अडकलेला असला तरी चाकं मोकळी होतात. नट निघाला, पण हात निघेना. इतक्या वर्षांचा गंज. पुलर, म्हणजे ओढून काढायचा शिकंजा, लावून ते हातोडीने ठोकत राहिले. प्रत्येक घावाला गाडी हादरायची आणि बाबा डोळे मिटायचे. मग एकदम ठाण्णकन आवाज झाला.

"सुटलं," बाबा म्हणाले, चाचांच्या आधी.

चाचांनी लाथेने पुढची चाकं सरळ केली. एव्हाना चार माणसं जमली होती. त्यांनी पुढून रेटून गाडी मागे रस्त्यापर्यंत नेली. दार उघडलं. बाबांचे पाय इतके आखडले होते की त्यांना खुर्चीवर बसवूनच घरी न्यावं लागलं. मी बाटली हातात घेऊन मागून चालत गेले.

गाडी नंतर ढकलत, दर दोन पावलांनी चाकाला लाथ मारत, अंगणात आणली. चाचांनी दुसऱ्या दिवशी बॉक्स उतरवला आणि ओटीवर, बाबांसमोर, वर्तमानपत्रावर उघडला. आतल्या बेअरिंगचे तुकडे झाले होते. एक तुकडा दातांत जाऊन बसलेला. चाचांनी पिळाच्या आकाराचा दांडा उचलून मला दाखवला. "हे बघ. मधे झिजलंय, कडेला नाही. गाडी सरळच जास्त चालते ना. मधे ढिलं लागलं की तुझा बाप वरचा स्क्रू आवळायचा. मधलं बरं व्हायचं, पण वळताना कडेला दाब पडायचा. दरवेळी थोडं आवळलं, दरवेळी थोडं."

बाबांनी मान हलवली. "माझी चूक."

तसा बॉक्स आता नवा मिळत नाही. माणगावला हायवेजवळ एका भंगारवाल्याच्या आवारात तशीच एक गाडी झाडाखाली सडत होती, हे चाचांना ठाऊक होतं. तिचा बॉक्स त्यांनी काढून आणला, धुतला, सील बदलून ऑइल भरलं. या सगळ्यात नऊ दिवस गेले. नऊ दिवस आम्ही अलिबागला गेलो नाही. बाबांचा हात पुन्हा ताठरायला लागला आणि घरात आम्ही दोघं एकमेकांशी जपून बोलत होतो.

बसवायच्या दिवशी चाचांचा खांदा धरला होता. गाडीखाली जाऊन बॉक्स पेलून धरणं त्यांना जमेना. मी म्हटलं, मी जाते. चाचांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "ओढणी काढ. अडकंल."

त्यांची खुर्ची आम्ही गाडीच्या तोंडाशी मांडली. बॉक्स हातावर झेलून चासिसला, गाडीच्या सांगाड्याला, लावणं, तीन बोल्ट हाताने पकडवणं, मग आवळणं. चाचा वरून धरत होते, मी खालून. नंतर बाबांनी चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि डाव्या हाताच्या बोटांवर फेरे मोजले. त्याच्या बरोबर निम्म्यावर आणून चाकं सरळ ठेवायची आणि तो खालचा हात दांड्यावर चढवायचा. मी चढवला, नट आवळला. बाहेर आले तर बाबा स्टेअरिंगच्या चाकाकडे बघत होते.

"तिरकं हाय," ते म्हणाले.

मला काही दिसेना. चाचांनाही नाही. "एक दात," बाबा म्हणाले. "काढ."

पुन्हा खाली गेले, पुन्हा पुलर. दांड्यावरच्या खाचांत तो हात खरंच एक दात चुकून बसला होता. तसंच राहिलं असतं तर गाडी उजवीकडे पूर्ण वळली असती आणि डावीकडे कमी. दुसऱ्यांदा बसवला तेव्हा त्यांनी डोळ्यांनी मला चाचांच्या हातातला पाना घ्यायला सांगितलं आणि शेवटचा पीळ माझ्याकडून देववला.

पुढच्या मंगळवारी आम्ही अलिबागला गेलो. चाक अजून जडच होतं, पण जेवढं फिरवावं तेवढं वळत होतं. बोळातल्या वळणावर मी श्वास रोखला. बाबांनी "हळू" म्हटलं नाही.

त्याच रात्री जेवणाआधी त्यांनी मला भावाला फोन लावायला सांगितला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, भाऊ "हॅलो, हॅलो" करत राहिला. "ये तू," बाबा म्हणाले. "आठ दिस. हिला जाऊ दे." भावाने सुट्टीचं, मुलांच्या परीक्षेचं सांगितलं. बाबा ऐकून घेऊन पुन्हा तेच म्हणाले. शेवटी तो महिन्याने आला.

मी मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले, मैत्रिणीकडे उतरले. पहिले दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी जुन्या ऑफिसात गेले. माझ्या जागी बसणारी मुलगी छान बोलली. संध्याकाळी फिरायला बाहेर पडले आणि कोपऱ्यावर उभी राहिले, कुठे जायचं ते ठरवता येईना. दिवसातून तीनदा घरी फोन केला. गोळी दिलीस का, पाठ पुसलीस का. भाऊ वैतागला. सहाव्या दिवशी मी बॅग भरली. कुणी बोलावलं नव्हतं.

मी अंगणात आले तेव्हा बाबा ओटीवर खुर्चीत होते. त्यांनी मला पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आठ दिस म्हटलेलं," ते म्हणाले. चांगलेच चिडले होते.