फावड्याचा कप्पा

माझी आत्या बस चालवते, आणि राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो. बसच्या दारात उभं राहून फोनवर बोलणाऱ्याला ती माइकवरून सांगते, "तुमचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं, आता आत या." डेपोत तिला लवंगी म्हणतात. दिसायला एवढीशी, पण वाजली की कानठळ्या.

सुट्टी मिळाली की ती बर्फावरून घसरायचा बोर्ड घेऊन बर्फाचा डोंगर गाठते. लोक जिथे तारेवरच्या पाळण्यात बसून वर जातात आणि आखलेल्या वाटेने घसरत खाली येतात, तिकडे नाही. त्याच्या मागच्या बाजूला, जिथे आपल्याच पायांनी चढावं लागतं आणि बर्फावर आपल्याआधी कुणाची रेघ नसते, तिकडे. सोबतीला एकच मैत्रीण, दवाखान्यातली नर्स. दोघींच्या अंगावर बीपर बांधलेला, म्हणजे एखादी बर्फाखाली गेली तर दुसरीला कळावं. शिवाय सॅकमध्ये नेमकी जागा चाचपायला घडीची लांब काठी, आणि उकरायला फावडं.

गेल्या वर्षी काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, तिला वाढदिवसाला नवी सॅक आणली. काका चष्म्याच्या काचा घासून देतात. मऊ माणूस. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर सॉरी तेच म्हणतात. सॅक देखणी होती, जांभळट, हलकी, पाठीवर माप घेऊन शिवल्यासारखी बसणारी. फक्त आत सगळा मिळून एकच कप्पा, तोही वरून उघडणारा.

"फावडं कुठे ठेवू?" आत्या म्हणाली. मग काकांचा पडलेला चेहरा बघून गप्प बसली. ती गप्प बसल्याचे प्रसंग मोजकेच. हा नेमका महागात पडला.

हिवाळा सरत आला होता. नर्स पुढे, आत्या मागे, अशा दोघी उतारावरून येत होत्या. नर्सच्या पायाखालचा बर्फ तुटला आणि तिला घेऊनच खाली निघाला. थांबला तेव्हा तिचा एक हात आणि हेल्मेटचा कोपरा तेवढा वर होता. शोधायचं काहीच नव्हतं, नुसतं उकरायचं होतं. आत्याने सॅक उतरवली, तर चेन उघडेना. चेनचं ते नाजूक टोक जाड हातमोज्यात सापडेचना. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला. आत आधी जॅकेट, मग थर्मास, मग डबा, आणि फावडं पार तळाला, दांडा पाणी प्यायच्या नळीत अडकलेला. शेवटी सॅक उलटी करून झटकली. थर्मास गडगडत दरीत गेला. फावडं हाती लागलं तोवर बर्फावरचा तो हात हलायचा थांबला होता.

नर्स वाचली. मांडीचं हाड मोडलं, बराच वेळ शुद्ध नव्हती, पण वाचली.

त्यानंतर आत्या घरात नुसती धुमसत असे. भांडी आपटायची, दारं आपटायची. काका एकदा धीर करून म्हणाले, "आता डोंगर बस झाले."

"बस मी रोज चालवते," आत्या कडाडली. "सुट्टीला मला डोंगरच लागतो. मला धड सॅक हवी आहे, उपदेश नको!"

म्हणून मी गाडी काढली आणि तिघं त्याच दुकानात गेलो, जिथून काकांनी ती जांभळट सॅक घेतली होती. आत्याने सगळं सामान चादरीत बांधून आणलं होतं. ते तिने काउंटरवर ओतलं. "हे सगळं मावलं पाहिजे. फावडं आणि काठी वेगळ्या कप्प्यात. बोर्ड उभा बांधता आला पाहिजे. आणि हे घालून उघडता आली पाहिजे." असं म्हणत तिने हातमोजे चढवले.

काउंटरमागचा दाढीवाला हसला. "ताई, एवढा व्याप कशाला? लेडीजसाठी ही बघा, नवा रंग आलाय." त्याने भिंतीवरून काढली ती तीच सॅक, फक्त पोपटी.

मी डोळे मिटून घेतले. पण आत्या ओरडली नाही. "या सॅकपायी माझी मैत्रीण मेली असती," ती म्हणाली.

"सॅक काय करणार, ताई? भरण्यावर असतं सगळं."

आत्याने पुरुषांच्या रांगेतली एक ओढून काढली. तिला फावड्याचा कप्पा होता, पण पाठ एवढी लांब की कमरेचा पट्टा मांड्यांवर आला, आणि मान वर केली की हेल्मेट मागे सॅकवर आपटे. दुसरी घातली, तिसरी घातली, तीच गत. "कप्पा हवा असेल तर मी काय आता उंची वाढवून येऊ?"

"आखूड पाठीची एक येते तशी," दाढीवाला डोकं खाजवत म्हणाला. "आत गोदामात असेल. कुणी मागत नाही, म्हणून बाहेर लावत नाही."

"लावली तर मागतील ना!"

त्याने आणली. राखाडी, साधी, धूळ बसलेली. चेनला जाड दोरीचे फासे, बाहेरच्या बाजूला वेगळा कप्पा, आणि मोठा कप्पा पाठीकडून उघडणारा, म्हणजे तळातली वस्तूही सहज हाताला लागावी. आत्याने सामान भरलं, सॅक पाठीवर घेतली, उतरवली, हातमोज्यासकट फासा ओढला. फावडं हातात आलं. तिने पुन्हा आत ठेवलं, पुन्हा काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. मग तिचे डोळे भरून आले. रागाने तिला रडू येतं, आणि रडू आलं की तिला आणखी राग येतो.

तेवढ्यात काका पुढे झाले. "ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"झाली असतील दोनेक वर्षं."

"म्हणजे मी आलो होतो तेव्हा होती. मी तुम्हाला सांगितलं होतं, बायको डोंगराच्या मागच्या बाजूला जाते, सोबत फावडं असतं. तुम्ही म्हणालात, लेडीजसाठी हीच."

"साहेब, एवढी गिऱ्हाइकं येतात, कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

"मी चष्मे करतो!" काकांचा आवाज चिरकला. त्यांना ओरडायची सवयच नाही. "एकाची काच दुसऱ्याला बसवून 'छान दिसतोय' म्हणून पाठवलं, आणि तो गाडीखाली गेला तर? तर मी पण हेच म्हणू? काढा त्या भिंतीवरून!" आणि त्यांनी स्वतःच भिंतीवरच्या सॅका ओरबाडून काउंटरवर फेकायला सुरुवात केली. पोपटी, गुलाबी, जांभळट. गिऱ्हाइकं बाजूला सरकली. दाढीवाला पोलिसांना बोलवायची भाषा करू लागला. "बोलवा!" काका म्हणाले. आत्यानेच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. राखाडी सॅकचे पैसे मी भरले. माफी कुणीच मागितली नाही. बाहेर पडताना मी मागे वळून पाहिलं, तर तो सगळ्या सॅका पुन्हा भिंतीवर टांगत होता.

गाडीत दोघं मागे बसली. मला वाटलं, आत्या आता काहीतरी गोड बोलेल.

"त्याला विचारलंस," ती म्हणाली. "मला का नाही विचारलंस?"

"तुला धक्का द्यायचा होता. आनंदाचा."

"दिलास."



दुसऱ्या दिवशी आत्या ती सॅक घेऊन नर्सकडे गेली. नर्स प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून पडली होती. आत्याने फासा ओढून फावडं काढून दाखवलं आणि म्हणाली, "तेव्हाच ही असती तर..."

"पुरे." नर्सचा आवाज थंड होता. "मला ऐकू येत होतं, माहितीये? वर तुझी खुडबुड चालली होती. थर्मास वाजला. मला वाटलं, ही चहा प्यायला बसली की काय! इतक्या शिव्या घातल्या तुला, तोंडात बर्फ होता म्हणून वाचलीस."

आत्याला हसू आलं. नर्स हसली नाही.

"मी आता येणार नाही. समजूत घालू नकोस. आणि तू जावंस की नाही, तेही मला विचारू नकोस."

आत्याने विचारलं नाही. ती जाते, आता डेपोतल्या एका मेकॅनिकबरोबर. चढायच्या आधी गाडीजवळच ती त्याला त्याची सॅक उघडायला लावते, हातमोजे घालून. तो चिडतो. "चीड खुशाल," ती म्हणते, "पण आधी फावडं काढून दाखव."

उतरली की ती नर्सला फोन करते. "उतरले."

"बरं," म्हणून नर्स फोन ठेवून देते.