समितीसमोरची माझी पाच मिनिटं

संसदेची समिती नांदेडला येणार आहे, असं आमच्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कशाला?" इतक्या वर्षांत मंत्री येऊन गेले, साहेब लोक येऊन गेले, बँकांचे मेळावे झाले. प्रत्येक वेळी बॅनर, चहा आणि गटफोटो. मला आता फोटोत उभं राहायचाही कंटाळा आला होता. पण अध्यक्ष भारावलेले होते.

"वहिनी, ही लई मोठी कमिटी हाय. सरकार निर्यातीला कर्ज कसं देतं, धोरण कसं ठरवतं, ते तपासायला खासदार यायलेत. सरकारला जाब विचारणारी माणसं हायत ही. तुम्हाला पाच मिनिटं दिली. बोला काय बोलायचं ते."

जाब विचारणारी माणसं म्हटल्यावर मी जरा नरमले.

माझा धंदा मोठा नाही. लातूरला रेणापूरच्या रस्त्याला एक शेड आहे. नांदेडकडून हळकुंडं आणायची, निवडायची, दळायची, पाकिटं भरायची आणि आखातातल्या एका दुकानदाराला पाठवायची. आजूबाजूच्या गावांतल्या बायका कामाला येतात. माझ्यासारख्या लहान निर्यातदारांनी बँकेतून कर्ज उचललं, की सरकार त्याच्या व्याजात थोडी सवलत द्यायचं. हातात जे काही उरायचं ते त्या सवलतीतूनच. ती काढली तर नुसती हमाली.

अडचण अशी, की ती सवलत कायमची नव्हती. तिला मुदत असायची. मुदत संपली की दिल्ली गप्प. मग कधीतरी आणखी थोड्या महिन्यांसाठी वाढवल्याची बातमी यायची, तीही मुदत उलटून गेल्यावर. आणि माझा दुकानदार विचारायचा वर्षभराचा भाव. सवलत धरून भाव दिला आणि ती आलीच नाही, तर घरातून भरायचं. न धरता दिला, तर तो दुसरीकडून माल उचलणार. त्या वर्षी त्यानं स्पष्टच सांगितलं होतं, की असं लटकत ठेवणं हे शेवटचं. पुढच्या वर्षी वेळेवर पक्का भाव मिळाला तर ठीक, नाहीतर आपला रामराम. तो गेला असता तर शेड गेली असती, कारण दुसरं गिऱ्हाईक मला नव्हतं.

म्हणून मला समितीकडं सवलत वाढवून मागायची नव्हती. द्यायची असेल तर द्या, नसेल तर नका देऊ, पण मुदत संपायच्या आधी सांगा, एवढंच म्हणायचं होतं. आमचे हे निवृत्त शिक्षक. त्यांनी माझ्यासाठी भाषण लिहून आणलं, त्यात 'सन्माननीय' हा शब्द ओळीओळीला. मी म्हटलं, "तुमच्या सन्माननीयांतच पाच मिनिटं संपतील." ते रुसले. शेडमधल्या बायकांना भाषणाची काही पडलेली नव्हती, त्यांना साडीची काळजी. "ताई, इरकल नेसा. दिल्लीवाल्यांना दिसू द्या, आपण बी काय कमी न्हाई." मी इरकल नेसले.

मंडळाची आम्ही सगळी लातूरहून भल्या सकाळी निघालो. नांदेडला हॉटेलच्या हॉलमध्ये पोचलो, तर समितीचा पत्ता नाही. मंडळी गुरुद्वाऱ्यात दर्शनाला गेली होती. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. नांदेडला येऊन माथा न टेकता कोण जातं? मीही तशी परतले नसते. पण आमच्या वेळातला मोठा तुकडा तिथेच गेला, हे खरं.

उरलेला आम्ही खाल्ला. अध्यक्षांनी फेटेवाला बोलावला होता, एकच. आयते बांधलेले फेटे त्यांना चालत नव्हते. डोक्यावर बांधला तरच तो फेटा, नाहीतर ती टोपी, असं त्यांचं मत. ते तपशीलवार समजावून सांगेपर्यंत खासदार दारात आले आणि अध्यक्ष धावत माझ्याकडं आले. हातात निरांजनाचं ताट.

"वहिनी, हे जरा धरा."

"मी बोलायला आलेय."

"बोला की! आधी ओवाळा, मग बोला. तुमच्याशिवाय बाईमाणूस कोण हाय इथं?"

बँकेच्या एक बाई होत्या, पण त्या साहेब. त्यांच्या हातात ताट कोण देणार? मला संताप आला होता. तरी मी ताट घेतलं. पाहुणा उंबऱ्यात उभा आणि त्याचं कपाळ कोरं, हे मला बघवत नाही. शिरूर अनंतपाळला माहेरी असंच वाढवलंय. एकेकाला कुंकू लावलं, ओवाळलं, पुढं पाठवलं. एका तरुण खासदारांनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओही काढला.

मग फेटे. प्रत्येकाला खुर्चीवर बसवायचं, फेटेवाल्यानं मागं उभं राहून पीळ घालायचा, तुरा काढायचा, टाळ्या. मग शाल, मग स्मृतिचिन्ह, मग स्वागतगीत. मी दुसऱ्या रांगेत बसून माझं एक वाक्य मनात घोळवत होते. त्यानंतर दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. सगळे बाण वर गेलेले. एका वयस्कर खासदारांनी मध्येच विचारलं, की यातले लहान निर्यातदार किती? अधिकारी म्हणाले, माहिती संकलित करून सादर करण्यात येईल. खासदार चष्म्यावरून बघत राहिले. हा माणूस कामाचा दिसतोय, असं मला वाटलं.

तेवढ्यात समितीच्या सभापतींनी घड्याळ पाहिलं. पुढचा कार्यक्रम गाठायचा होता. ज्यांचं बोलायचं राहिलंय त्यांनी लेखी पाठवावं, असं ते गोड आवाजात म्हणाले. माझी पाच मिनिटं तिथंच संपली. पण आभारप्रदर्शन मात्र झालं. अध्यक्षांनी फेटेवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. ते पाच मिनिटांत खचितच झालं नाही.

मी सरळ बाहेर गाड्यांपाशी गेले. ते वयस्कर खासदार एकटेच उभे होते. फेटा कानावर घसरलेला, एका हातानं धरलेला. त्यांनीच हिंदीत विचारलं, "बहनजी, आप कुछ कहनेवाली थीं ना?" यादीत माझं नाव त्यांनी वाचलं होतं. माझी हिंदी आमच्या बाजाराची. तीच तोंडातून निघाली.

"साब, देना है तो देव, नहीं देना तो नको देव. लेकिन मुदत खतम होने के पैले बोलो."

ते हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, हे लिहून घ्या. त्यानं लिहून घेतलं. गाड्या गेल्या.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. "वहिनी, कार्यक्रम झकास झाला. पाहुणे लई खूश."

"पाहुणे काय सोयरिकीला आले होते का हो?" मी तडकून म्हटलं. "जाब विचारायला आलेल्या माणसांना तुम्ही नवरदेव करून बसवलं."

 ते हळूच म्हणाले, "वहिनी, मान दिल्याशिवाय आपलं ऐकतंय कोण?" त्यांच्या आवाजात इतकं खरेपण होतं, की मला पुढं भांडवेना. आम्ही सगळे तसेच आहोत. ताट मीच तर हातात धरलं होतं.

मी ते विसरायच्या बेतात होते. काही महिन्यांनी ह्यांनी मोबाइलवर समितीचा अहवाल शोधून काढला. जाडजूड प्रकरण. त्यात कुठंतरी मध्ये एक शिफारस होती, की सवलत पुढं चालू ठेवायची की नाही, याचा निर्णय मुदत संपण्यापूर्वी पुरेशा अवधीनं जाहीर करावा. माझंच वाक्य, पण सुटाबुटात. ह्यांनी शेडमध्ये उभं राहून ते मोठ्यानं वाचलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे मागवले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार आनंद झाला. मी दुकानदाराला कळवलं, थोडं थांबा, आता वेळेवर कळेल.

तो थांबला. मुदत संपली. दिल्ली गप्प. तो आणखी थोडं थांबला, आणि मग त्यानं दुसरीकडं माल ठरवला. सांगितलं मात्र सभ्यपणे, घरच्यांची चौकशी करून.

त्यानंतर सरकारचं उत्तर आलं. समितीच्या प्रत्येक शिफारशीवर सरकारला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापून येतं, हे मला तोवर माहीत झालं होतं. माझ्या वाक्यापुढं लिहिलं होतं, की सदर सवलतीची मुदत दरम्यान संपलेली असल्यामुळं शिफारशीवर विचार करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी ते दोनदा वाचलं आणि हसत सुटले. हे मात्र लालबुंद झाले. आयुष्यात कधी पोरांवर छडी उगारली नाही त्या माणसानं, पण मोबाइल आपटायचा तेवढा बाकी ठेवला. खाली समितीनं असमाधान व्यक्त केल्याचंही छापलं होतं. ते त्या म्हाताऱ्या खासदारांनीच लिहायला लावलं असेल, असं मी आपलं धरून चालले.

गौरी-गणपती उरकले आणि मी ठरवलं. दसऱ्यापासून शेड एका बियाणेवाल्याला गोदामासाठी द्यायची. हे म्हणाले, "बायकांना आत्ताच सांगू नकोस. कामात लक्ष लागणार नाही. शेवटच्या आठवड्यात सांग." व्यवहाराला ते बरोबरच होतं. दुकानदाराच्या शेवटच्या मागणीतला थोडा माल अजून भरायचा होता.

मी दुसऱ्याच दिवशी चहा करायला लावला, सगळ्यांना पोत्यांवर बसवलं आणि सांगून टाकलं. महिनाभर काम आहे, त्यापुढं नाही.   मग त्यांतली वयानं सगळ्यांत मोठी होती, तिनं कप खाली ठेवला.

"ताई, वाईट झालं. पर तुमी आधी सांगितलंत," ती म्हणाली. "आता सोयाबीन काढायच्या टोळीत नाव तरी घालता येईल. न्हाई तर आमाला आधी कोण सांगतंय?"

मला त्या सगळ्यांसमोर रडू आवरलं नाही.