खोकल्याची रंगीत तालीम

जगातलं एकही दुखणं आमच्या वन्संनी रंगीत तालमीशिवाय डॉक्टरपुढे जाऊ दिलेलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. रिटायर झाल्यापासून नाहूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. वॉचमन, बांधकामावरच्या बायका, कुठून कुठून पोटासाठी आलेली माणसं म्युनिसिपल हॉस्पिटलात जाऊन बावरतात आणि 'ठीक है' म्हणून परत येतात, हा शोध वन्संना लागला आणि त्यांच्या जेवणाच्या टेबलाची ओपीडी झाली. ह्यांचा जुना पांढरा शर्ट चढवून वन्सं डॉक्टर होत. मान वर करायची नाही, नुसतं लिहीत राहायचं. "खऱ्या डॉक्टरपुढे ही रांग असते गं, तो कुठे तुझं तोंड बघत बसणार?" मलाही एकदा पडशासाठी स्टुलावर बसवलं आणि वर "पाल्हाळ नको, दुखणं सांग" म्हणाल्या. मी चिडले. पण खरं सांगते, काहीतरी निमित्त काढून मी रोज बघायला जायचे. मुकी माणसं यांच्यापुढे बोलती कशी होतात, याचं मला भारी कुतूहल.

आमच्या नेपाळी वॉचमनची बायको मात्र काही केल्या बोलेना. महिनाभराचा खोकला, संध्याकाळचा ताप, आणि विचारलं की "ठीक है दीदी". वन्संनी चार दिवस तिच्याकडून घोटवून घेतलं. पाचव्या दिवशी हॉस्पिटलात ती घडाघडा बोलली. एक्स-रे झाला, टीबी निघाला, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बाई टुणटुणीत झाली.

मग गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस वन्संच जिन्यात मटकन बसल्या. मी आणि वॉचमनची बायको त्यांना त्याच हॉस्पिटलात घेऊन गेलो. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "काय होतंय?" आणि अख्ख्या वस्तीला बोलायला शिकवणाऱ्या आमच्या वन्सं म्हणाल्या, "काही नाही हो, जरा गॅस." मला रडूच फुटलं. तेवढ्यात माझ्या मागून वॉचमनची बायको सावकाश, एकेक करून सांगायला लागली. "चार दिन से छाती भारी है. दो माला चढ़के बैठ जाती हैं. बायां हाथ दुखता है. हमको बोलीं, घर में मत बताना." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वन्सं वाचल्या त्या तेवढ्यामुळे.

आता दर तपासणीच्या आदल्या दिवशी त्याच टेबलावर तालीम होते. पांढरा शर्ट वॉचमनच्या बायकोच्या अंगात, स्टुलावर वन्सं, आणि गाडी अजून गॅसपाशीच अडते. "मान खाली घाल, डॉक्टर असं बघत नाही," वन्सं तिलाच दटावतात. ती घालते. पण कागदावर दोन रेघा ओढून झाल्या, की परत मान वर करून वन्संकडे बघत बसते.