लिदीतलं मटण

धुरपताबाईला पिंगळीत कोणी शहाणी म्हटलं नाही आणि तिनंही कधी तशी अपेक्षा ठेवली नाही. ती आमची शेजारीण. शहाऐंशीच्या हिवाळ्यात ती डोक्यावर पाटी घेऊन स्टेशनवरच्या टांग्यांमागं फिरायला लागली, तेव्हा गाव पोट धरून हसला. तिला घोड्याची लीद हवी होती. दारात शेणाचा हा एवढा उकिरडा, आणि बाई लिदीच्या मागं.

कारण होता तिचा नवरा, मुंजाजी. तो टायफॉईडनं अंथरुणाला खिळला, तेव्हा तिनं परस्पर नवस बोलला होता, की हा उठला तर याच्या गळ्यात तुळशीची माळ घालीन. मुंजाजी उठला, माळ आली, मटण गेलं. "नवस म्या केला अन् जीभ ह्यांची बांधली," असं ती मला एकदा म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटत होतं. मुंजाजी भजनात मृदंग वाजवी. तेवढ्या वेळापुरता तो मटण विसरे.

परभणीच्या शेतकरी मेळाव्यात तिनं अळंबीची भाजी चाखली, ती तिला थेट मटणासारखी लागली. आमच्याकडं अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि लाथेनं उडवतात. ही मात्र बी घेऊनच परतली. लीद आणि गव्हाचं काड भिजवून तिनं परसात ढीग घातला. ती तो खालीवर करायला लागली, की आम्हाला जेवण जात नसे. वास मेला, ढीग काळा भुसभुशीत झाला, तेव्हा तिनं तो खोक्यांत भरला, त्यात बी पेरलं आणि अंधाऱ्या कोठीला कुलूप घातलं. पुढं त्यावर मातीचा थर दिला, रोज पाणी शिंपडलं.

पहिली तोडणी झाली त्या दिवशी तिनं येसूर मसाला आणि भाजलेलं खोबरं घालून असा रस्सा केला, की वास थेट मारुतीच्या पारावर पोचला. सप्ताह तोंडावर आलेला. भजनी मंडळ तडक दारात हजर. पुढं मंडळाचे प्रमुख दत्तराव. आपल्या गळ्यात पाळण्यातच माळ पडली, हे ते दर एकादशीला सांगत.

"मुंजाजी, मटनाचा वास यायलाय," दत्तराव म्हणाले. "माळ काढ अन् मृदंग मंडळाच्या हवाली कर."

मुंजाजीचं तोंड उतरलं. मृदंग गेला असता तर तो माणूस खरोखर खचला असता. "छत्र्या हायत हो, लिदीतल्या," तो पुटपुटला. असल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार?

कोठीची किल्ली धुरपताबाईच्या कमरेलाच होती. पण तिनं कुलूप उघडलं नाही. चुलीवरच्या रश्श्याची वाटी भरून आणली. ती काही साधी बाई नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"तुमीच चाखून बघा, दत्तराव. तुमी म्हनाल ते खरं."

निवाडा करायचा म्हणून दत्तरावांनी रश्श्यात बोट बुडवलं. मग एक फोड खाल्ली. मग आणखी एक, कारण न्याय घाईत करू नये. डोळे मिटून त्यांनी वाटीचा तळ गाठला.

"मटनच हाय," ते म्हणाले. "मला येडं समजता व्हय? कवळ्या बोकडाचं हाय, मांडीचं. जरा जास्त शिजलंय, एवढंच."

धुरपताबाईनं शांतपणे कुलूप काढलं. खोक्या-खोक्यांत पांढरीशुभ्र डोकी वर आली होती. तिनं त्यातलं एक खुडून, बुडाच्या मातीसकट, दत्तरावांच्या हातावर ठेवलं.

मंडळातले म्हातारे लिंबाजी भोळे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "दत्तराव, मांडीचं कसं वळखलं तुमी?"

दत्तरावांना ठसका लागला. तो बराच वेळ टिकला.

"मुंजाजी," ते शेवटी म्हणाले, "मृदंगाला कणीक लाव. सप्त्याला तूच वाजवायचं."

आणि ते वाटी हातात घेऊनच चालू लागले. धुरपताबाईनं हाक मारून ती परत घेतली. आत रश्श्याचा थेंब नव्हता.