सुलाबाईचं दुसरं बाळंतपण

धुळाचा हात लागला की अडलेली मेंढी सुटते, असं कवठे महांकाळकडच्या सगळ्या वाड्यांमधून बोललं जाई. कोकराचा पाय आत दुमडला असला की माणसं धुळाला बोलवायला पळत यायची. तो कोपरापर्यंत करडईचं तेल चोळायचा, कोकरू हळूच मागं सारायचा, पाय सरळ करून घ्यायचा आणि कळ आली की अलगद ओढायचा. मेंढी उठून कोकराला चाटू लागली की लोक म्हणत, असा मेंढका पंचक्रोशीत नाही. तेव्हा त्याची बायको सुलाबाई तोंड फिरवून घरात जायची.

तिच्या रागाला कारण होतं. त्रेचाळीस साली तिची पहिली खेप. दोन दिवस ती कळा देत होती आणि बाळाचा हात आधी बाहेर आला. सुईण रंगूबाईनं तोच हात धरून ओढला, सासू साळूबाई बिरोबाला नवस बोलत बसली, आणि अडल्या मेंढ्या सोडवणारा हा शहाणा वीस पावलांवर बसून सगळं ऐकत राहिला. बापय माणसानं तिथं जायचं नसतं, ईटाळ होतो. मुलगा झाला तो मेलेला. मग दोष कुणाचा, तर सुलाबाईचा. गिराण लागलं असताना विळा हातात धरला असेल, तिन्हीसांजेला ओढा ओलांडला असेल. पोर मेल्याचं खापर फोडायला बाईचं डोकं फार सोयीचं असतं.

चार-आठ दिवसांनी धुळा सहज बोलून गेला, "हात आडवा आलता. मी असतो तर मागं सारला असता."

"मग आला का न्हाईसा?"

"बापय गडी तिथं कसा यील? लोक काय म्हणतील?"

सुलाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मेंढीपाशी बसाया तुमास्नी लाज वाटत न्हाई, बायकूपाशी बसाया वाटती. मग मी मेंढी म्हणूनच जल्माला आले असते तर बरं झालं असतं."

धुळा उठून वाड्याकडं मेंढरं बघायला गेला. अडचणीत आला की पुरुषाला काम आठवतं.

तीन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. पोटुशी म्हणून सवलत काय, तर डोक्यावर दोनाच्या जागी एक घागर. दळण, शेणघाण काही चुकलं नाही. तिचं मागणं एकच होतं. "या बारीला अडलं तर तुमी आत यायाचं," तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बगू." पाचव्या महिन्यात बगू, नवव्यातही बगू. साळूबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "जगाच्या बाया बाळंत हुत्यात. तूच काय नवलाची?"

भर दुपारी कळा सुरू झाल्या. या वेळी एक पाय आला आणि थांबला, दुसरा वरच अडकला. रंगूबाई पाय धरून ओढायला लागली तसा सुलाबाईनं तिचा हात झटकला. मग वाडीतल्या कुठल्याही बाईनं आजवर केलं नव्हतं ते तिनं केलं. नवऱ्याला नावानं हाक मारली. "धुळा, आत ये." एकदा, दोनदा, तीनदा. साळूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सून मरायला टेकली होती, पण म्हातारीला लागलं ते तिनं नाव घेतल्याचं.

धुळा आला. मान खाली घालून, पण आला. तेल चोळून बसला आणि मेंढीशी बोलतो तसाच हळू बोलू लागला, "थांब जरा. आता दे कळ." दुसरा पाय सापडला, खाली आला आणि मागोमाग मुलगी आली. काळीनिळी होती, मग रडली. धुळाचे डोळे भरून आलेले सुलाबाईनं पाहिले. इतक्या वर्षांचा राग त्या घडीला निवला होता, हेही खरं.

बाराव्या दिवशी बारसं होतं. रंगूबाईला खण दिला. मुलगा असता तर लुगडं मिळालं असतं. बाहेर बापये घोंगड्या टाकून बसले होते. कुजबुज एव्हाना वाडीभर झाली होती. धुळाचे चुलते नानासो तंबाखू मळत म्हणाले, "धुळा, तू सुईणपण केलंस म्हणत्यात. खरं काय रं?"

दोघं-तिघं हसले.

"न्हाई नाना," धुळा म्हणाला. "समदं रंगूबाईनं केलं. मी दारातबी नव्हतो."

आत पाळण्यापाशी सुलाबाईनं ते ऐकलं. पहिल्या वेळी तो भिऊन बसून राहिला, ते तिनं एकवेळ पोटात घातलं असतं. पण लेक वाचवायची आणि वाचवली म्हणायची लाज वाटून घ्यायची, हे तिला सोसेना. बायका नको नको म्हणत असताना तिनं मुलीला उचललं आणि सरळ बापयांच्या बैठकीत गेली. वडीलधाऱ्यांसमोर बापानं आपलं पोर हातात घ्यायची तिथं रीत नव्हती. तिनं पोर धुळापुढं धरली.

"घ्या. तुमीच भाईर काढलीया हिला. आता चारचौघांत घ्या."

धुळानं नानासोंकडं पाहिलं. मग दोन्ही हात अंगावरच्या घोंगडीच्या आत ओढून घेतले. मुलगी रडायला लागली.

सुलाबाईनं तिला परत छातीशी घेतलं. "मेंढरं तुमी राखा," ती म्हणाली. "हिला मी राखते."